तीन ताटं आणि एक वही: बेताच्या पैशांत वॉरगेमिंगचे अनेक प्रकल्प

मिनिएचर वॉरगेमिंगमध्ये, म्हणजे छोटे शिपाई रंगवून टेबलावर लढाया खेळण्याच्या छंदात, नव्यानं आलेल्या माणसाचे पैसे महागड्या शिपायांवर कमी आणि अर्धवट सोडलेल्या डब्यांवर जास्त जातात. रोमन पायदळ आणलं, निम्मं साफ केलं, तेवढ्यात जादूगारांची टोळी आवडली. तीही आणली. मग अंतराळातले चिलखतधारी. सहा महिन्यांनी कपाटात चार डबे असतात आणि टेबलावर एकही फौज उभी राहत नाही.

यावर "एका वेळी एकच प्रकल्प करा" असं सर्रास सांगितलं जातं. सल्ला चांगला वाटतो, पण टिकत नाही. बत्तीस शिपायांचे बत्तीस लाल अंगरखे रंगवताना तिसऱ्या दिवशी मन उडतं. शिवाय गोंद, प्रायमर (रंगाखालचा पहिला हात), वॉर्निश यांना वाळायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ हात रिकामे राहतात. त्यामुळे दोन-तीन प्रकल्प सोबत चालवणं योग्यच आहे. गाडी अडते ती सगळे प्रकल्प एकाच टप्प्यावर रुतले की. तीन प्रकल्प घ्या, ते तीन वेगळ्या टप्प्यांवर ठेवा आणि जमेल तितकं सामान तिघांत सामाईक वापरा. हे कसं करायचं ते पुढे क्रमानं दिलं आहे.

उदाहरणासाठी तीन प्रकल्प धरू. पहिला: २८ मिमी आकाराची दहा जणांची जादूगार टोळी, म्हणजे 'फ्रॉस्टग्रेव्ह'सारख्या खेळासाठी एक जादूगार, एक शिष्य आणि आठ शिपाई. दुसरा: १/७२ प्रमाणातल्या मऊ प्लास्टिकची रोमन फौज, 'डीबीए' या प्राचीन लढायांच्या नियमांप्रमाणे बारा तुकड्यांची. तिसरा: दोन्ही खेळांना चालेल अशी जमीन, म्हणजे डोंगर, झाडं, ओढा.

पायरी १: आधी पुठ्ठ्यावर खेळा

एक रुपयाही खर्च करण्याआधी हे करा. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे ६० मिमी रुंद तुकडे कापा आणि त्यांवर 'पायदळ', 'घोडदळ', 'हलके शिपाई' असं लिहा. दोन्ही बाजूंना बारा-बारा. साधारण ९० सेंटिमीटरच्या चौकोनी जागेत, चादरीखाली दोन पुस्तकं सरकवून केलेल्या डोंगरासकट, किमान तीन डाव खेळा. डीबीएमध्ये सगळी मोजणी तुकडीच्या बेसवरून, म्हणजे शिपाई ज्यावर चिकटवतात त्या पट्टीवरून, होते, एकेका शिपायावरून होत नाही. त्यामुळे पुठ्ठ्यावरचा डाव हा खराच डाव असतो.

टोळीच्या खेळासाठी २५ मिमीच्या दहा चकत्या पुरतात. अंतराळातल्या लढाया आवडत असतील तर 'वन पेज रूल्स'चे मूळ नियम फुकट मिळतात, तेही असेच चाचपून घ्या. तीन डावांनंतर चौथा खेळायची ओढ राहिली नाही, तर ती फौज घेऊ नका. खेळ न आवडल्यामुळे अर्धवट राहिलेले डबे पुठ्ठ्याच्या या चार तुकड्यांनी वाचले असते.

पायरी २: नेमका आकडा ठरवा

'रोमन फौज करायची' हा प्रकल्प होत नाही. 'बेचाळीस शिपाई, बारा बेस' हा प्रकल्प होतो. आकडा असा काढा:

- जड पायदळाच्या ८ तुकड्या, प्रत्येकीवर ४ शिपाई: ३२
- घोडदळाच्या २ तुकड्या, प्रत्येकीवर ३ स्वार: ६
- हलक्या शिपायांच्या २ तुकड्या, प्रत्येकीवर २: ४

(ही ढोबळ फौज आहे, आपल्याला हव्या त्या काळाची यादी नियमांच्या पुस्तकातून जुळवून घ्या.)

१/७२ च्या पायदळाच्या डब्यात साधारण ४० ते ५० शिपाई असतात आणि घोडदळाच्या डब्यात १२ ते १८ घोडे. म्हणजे पायदळाचा एक आणि घोडदळाचा एक, अशा दोन डब्यांत ही फौज उभी राहते. डब्यात बहुतेक जड शिपाईच असतील, तर ढाल कापून हातात नुसता भाला ठेवलेले चार जण हलके म्हणून चालतात. सहा ते बारा घोडे उरतात. ते कपाटात टाकू नका. कुणी रोमनांच्या शत्रूंची, गॉलांची फौज करत असेल तर त्याच्याशी अदलाबदल करा.

फ्रॉस्टग्रेव्हच्या प्लास्टिक शिपायांच्या डब्यात वीस जण निघतात आणि टोळीला आठच लागतात. हा डबा दोघांत घ्या. शिवाय एकाच प्रकारच्या सुट्या भागांतून दोघांनी मिळून निवड केली, तर दोघांच्याही टोळ्या जास्त चांगल्या दिसतात.

आता प्रमाणाबद्दल. दिवाळीत किल्ला केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की सिंहासनावरचे महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, मावळा बुरुजाएवढा असतो आणि शेजारी त्याच्या निम्म्या उंचीची गवळण. किल्ल्यावर ते शोभतं, पण खेळात गोंधळ होतो. १/७२ चा माणूस साधारण २४ मिमी उंच असतो आणि २८ मिमीवाला त्याच्यापेक्षा ठळकपणे जाडजूड. या दोघांना एका फौजेत मिसळू नका. डोंगर, ओढे, झाडं, खडक मात्र दोघांनाही चालतात. घर, दार, गाडी, कुंपण चालत नाही, कारण माणूस दाराशी उभा राहिला की फरक लगेच डोळ्यात भरतो. म्हणून तिसऱ्या प्रकल्पात सुरुवातीला घरं नकोत.

पायरी ३: वही

साधी दोनशे पानी वही. प्रत्येक प्रकल्पाला दोन पानं. डाव्या पानावर सहा रकाने: घेतले, साफ केले, जोडले, प्राइम केले, रंगवले, बेस झाला. प्रत्येक रकान्यात आकडा, तोही पेन्सिलनं. उजव्या पानावर खर्च.

खर्चाचा नियम असा ठेवा की नवे पैसे फक्त पूर्ण झालेल्या कामातून सुटतात. २८ मिमीचा एक जण बेससकट पूर्ण झाला की वहीत ३० रुपये जमा, १/७२ चा पायदळी १० रुपये, स्वार २० रुपये, पाऊलभर लांबीचा डोंगर ५० रुपये. आकडे आपल्या ऐपतीप्रमाणे बदला, पण एकदा ठरवले की वर्षभर बदलू नका. वरच्या हिशेबानं सगळे रोमन झाल्यावर पायदळी आणि हलके मिळून ३६ जणांचे ३६०, सहा स्वारांचे १२०, असे ४८० रुपये जमतात. पुढची खरेदी त्यातूनच. अर्धवट शिपायाला पैसे नाहीत, बेस राहिलेल्यालाही नाहीत. हा शेवटचा नियम कडक पाळा, कारण बहुतेकांची गाडी नेमकी बेसपाशी थांबते.

पहिल्या प्रकल्पात जितके रुपये शिपायांवर, जवळपास तितकेच हत्यारं, रंग आणि ब्रशवर लागतील असं धरून चला. दुसऱ्या प्रकल्पाला त्याच्या निम्मे, तिसऱ्याला पाव. सामान सामाईक असेल तरच हे जमतं.

परदेशातून मागवत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे आयात शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं. महागड्या टपालखर्चाचा भुर्दंड त्यामुळे दोनदा बसतो. तिघा-चौघांनी मिळून वर्षातून दोनदाच मागवा. स्प्रेचे डबे त्यात धरू नका. विमानानं पाठवायला ते अडतात, ते इथेच घ्या.

पायरी ४: एकदाच घ्यायचं सामान

हत्यारं थोडीच लागतात: सपाट तोंडाचं छोटं निपर (कापायची पक्कड), टोकदार पात्याचा कटर, बारीक कानशींचा संच, पॉलिश पेपर, चिमटा. धातूच्या मिनिएचरचे हात बसवायचे असतील तर हातानं फिरवायचं १ मिमीचं ड्रिल आणि जुन्या पेपरक्लिपची तार.

ब्रश तीन: गोल २ नंबर, गोल १ नंबर आणि कोरड्या ब्रशसाठी (जवळजवळ पुसलेल्या ब्रशनं फक्त उठाव रंगवायला) एक जुना चपटा. नवखे लोक तीन शून्यांचा केसाएवढा ब्रश घेतात आणि डोळे रंगवताना वैतागतात. इतक्या बारीक ब्रशवर रंगाचा थेंब शिपायापर्यंत पोचेतोच वाळतो. चांगल्या टोकाचा २ नंबर ब्रश जवळजवळ सगळं करतो. रंग केसांच्या निम्म्याच्या वर, धातूच्या पट्टीपर्यंत, चढू देऊ नका. तिथे वाळला की केस फाकतात आणि ब्रश कायमचा जातो.

रंग बारा: काळा, पांढरा, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, लाल, निळा, हिरवा, त्वचेचा, हस्तिदंती, करडा, चंदेरी, पितळी. शिपायांसाठी मिनिएचरचे खास रंग घ्या. साधारण १७-१८ मिलीची बाटली दोन-तीन प्रकल्पांना पुरते. स्टेशनरीत मिळणाऱ्या कॅमल किंवा फेव्हिक्रिलच्या अॅक्रिलिकचे कण तुलनेनं जाड असतात. शिपायाच्या चेहऱ्यावर ते थर धरतात आणि नाक-डोळे बुजतात. पण डोंगर, बेस आणि ओढा रंगवायला तेच घ्या, कारण तिथे रंग चमच्यानं लागतो. तिन्ही प्रकल्पांचं रंगाचं गणित इथेच सुटतं: महाग रंग माणसांना, स्वस्त रंग जमिनीला.

वॉश, म्हणजे खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग, घरी करता येतो. गडद ब्राऊनचा एक थेंब, मॅट मीडियमचा (रंग नसलेलं पातळ माध्यम) एक, पाण्याचे चार. मीडियम न घालता नुसतं पाणी वापरलं तर वॉश वाळताना कडेला डाग सोडतो, चहाच्या कपाखाली उमटतो तसा. फाउंटन पेनची शाई यासाठी वापरू नका. वरून वॉर्निश लावताना ती परत सुटते आणि उन्हानं फिकीही पडते.

ओली पॅलेट (रंग लवकर वाळू न देणारी) करायला पसरट डबा, त्यात पाण्यानं भिजवलेला टिश्यू पेपर आणि वर बेकिंगचा कागद. कागद मेणाचा असेल तर खालचं पाणी वर येत नाही आणि रंग नेहमीसारखाच वाळतो. घेताना विचारून घ्या. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमध्ये पंख्याखाली रंगाचा थेंब दोन मिनिटांत कातडं धरतो, तिथे ही पॅलेट हवीच. पाणी तीन-चार दिवसांनी बदला, नाहीतर बुरशी येते. चंदेरी आणि पितळी रंग या पॅलेटवर घेऊ नका. त्यांची चमक पाण्याबरोबर पसरते आणि मग चेहऱ्यालाही चांदी लागते.

गोंदांचं गणित नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. कडक प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट लावा. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. धातू आणि रेझिनवर (साच्यात ओतून केलेलं प्लास्टिक) त्याचा काही उपयोग नाही, तिथे फेव्हिक्विक. १/७२ च्या मऊ प्लास्टिकला दोन्हीही नीट धरत नाहीत. त्यामुळे हात-डोकं वेगळं नसलेले, एकसंध शिपाई निवडा आणि स्वार घोड्यावर बसवायला बारीक तारेची खुंटी द्या. थर्माकोलला फेव्हिकॉलच. फेव्हिक्विक थर्माकोल खातं, क्षणात खड्डा पडतो.

फेव्हिक्विकच्या छोट्या नळ्याच घ्या. मोठी बाटली एकदा उघडली की दमट हवेत हळूहळू घट्ट होते आणि निम्मी फेकावी लागते. याच दमटपणानं सांध्याभोवती पांढरी भुकटी बसते. रंगाखाली ती झाकली जाते, पण पारदर्शक भागांवर उठून दिसते.

पायरी ५: तीन ताटं

घरातली जुनी स्टीलची तीन ताटं घ्या, किंवा मिठाईचे तीन खोके. पहिलं ताट जोडणीचं, दुसरं रंगाचं, तिसरं बेसचं. एका ताटात एका वेळी एकच प्रकल्प. टोळी रंगाच्या ताटात असेल तर रोमन तिथे येणार नाहीत. ते जोडणीच्या ताटात थांबतील. रंगाचं ताट मोकळं झालं की पुढे सरकतील. चौथा प्रकल्प कितीही आवडला तरी एखादं ताट रिकामं झाल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

ताटात एका वेळी पंधरा-वीस मिनिटांत होईल एवढंच काम मांडून ठेवा. कामावरून दमून आलेल्या संध्याकाळी डबे शोधण्यात वेळ गेला तर हात लागत नाही. ताट मांडलेलं असेल तर दहा मिनिटांतही पाच ढाली होतात.

आणि प्रत्येक ताटात एक कार्ड. दोन महिन्यांनी त्याच फौजेकडे परत आल्यावर 'तो लाल' पुन्हा जमत नाही, आणि मग एकाच फौजेत दोन लाल दिसतात. रोमनांचं कार्ड असं लिहा:

*प्रायमर काळा. चिलखत: चंदेरी, कोरडा ब्रश. अंगरखा: लाल २ थेंब, ब्राऊन १ थेंब, वर उजेडाला नुसता लाल. कातडं: यलो ऑकर १, ब्राऊन १. वॉश: ब्राऊन, सगळीकडे. बेस: रांगोळी, बर्न्ट अंबर, वर ऑकर कोरडा.*

शेजारी प्रत्येक मिश्रणाचा एक ठिपका लावून ठेवा. शब्दांपेक्षा त्या ठिपक्यावरून रंग लवकर जुळतो.

पायरी ६: साफसफाई

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून सगळे शिपाई धुवा आणि जुन्या टूथब्रशनं घासा. साच्याचं तेलकट आवरण राहिलं तर रंग नंतर पापुद्र्यानं निघतो. साच्याची रेष कटरच्या पात्याच्या पाठीनं खरवडा. मऊ प्लास्टिकवर खरवडलं तर तंतू उठतात, तिथे धारेनं कापा. वाकलेले भाले कडकडीत पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, चिमट्यानं सरळ धरा आणि तसेच गार पाण्यात घाला. रेझिन घासायचं असेल तर ओलं करून, मास्क लावून घासा. तिची धूळ फुप्फुसाला वाईट.

फटी बुजवायला एम-सील उत्तम. दोन्ही भाग सारखे घ्या, एकच रंग येईपर्यंत मळा, बोट पाण्यात बुडवून दाबा. तासाभरात कडक व्हायला लागतं, म्हणून वाटाण्याएवढंच मळा.

पायरी ७: प्रायमर, आणि पावसाळा

परदेशी मार्गदर्शनात हा भाग जेमतेम दोन ओळींत उरकतात, कारण त्यांच्याकडे आपला जुलै नसतो. कोकण, मुंबई, गोवा इथे जून ते सप्टेंबर हवेत इतकी वाफ असते की स्प्रे प्रायमर खरखरीत किंवा दुधाळ बसतो आणि मॅट वॉर्निश पांढरं पडतं. महिनाभर रंगवलेली फौज शेवटच्या वॉर्निशनं धुक्यात गेल्यासारखी दिसते. छोटं आर्द्रतामापक घ्या, फार महाग नसतं. आकडा ७० टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रेला हात लावू नका.

उलट टोकाची चूक मे महिन्यात दुपारी होते. रंगाचा फवारा शिपायापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि अंगावर पॉलिश पेपरसारखा खडबडीतपणा येतो. म्हणून सकाळी सात ते नऊ. डबा दोन मिनिटं हलवा, २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, फवारा शिपायाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. एका जागी थांबलात तर रंग साचून चेहरा बुजतो. दोन पातळ हात, मध्ये पंधरा मिनिटं. गच्चीवर किंवा उघड्या बाल्कनीत, मास्क लावून. डबा उन्हात ठेवून जाऊ नका, दाब वाढतो.

गाड्यांच्या दुकानातला प्रायमर स्वस्त असतो, पण त्यातलं द्रावण काही प्लास्टिकला लागतं आणि मऊ प्लास्टिकवर तो कधीकधी आठवडाभर चिकट राहतो. आधी स्प्रूच्या (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्या) तुकड्यावर मारून एक रात्र थांबा.

यावरून वर्षाची आखणी आपोआप ठरते. मे अखेरपर्यंत टोळीचे दहा आणि रोमन बेचाळीस, दोन्ही प्राइम करून ठेवा. पावसाळाभर घरात बसून रंगवा. वॉर्निश दसऱ्यानंतर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात. दिवाळीपासून मार्चपर्यंत डोंगर आणि झाडं, कारण फेव्हिकॉलचे जाड थर दमट हवेत आठवडा आठवडा वाळत नाहीत. पावसाळ्यात प्राइम करायची वेळ आलीच तर ब्रशनं लावायचा अॅक्रिलिक प्रायमर वापरा, तो खिडकीशी बसूनही लागतो.

वॉर्निश दुधाळ झालंच तर शिपाई फेकू नका. कोरड्या दिवशी चकचकीत वॉर्निशचा एक पातळ हात ब्रशनं द्या. बहुतेक वेळा धुकं विरतं. त्यावर मग मॅट.

पायरी ८: बत्तीस रोमन, सात काड्या

आइस्क्रीमच्या काडीवर दोन-दोन सेंटिमीटर अंतरानं पाच शिपाई, फेव्हिकॉलच्या थेंबानं चिकटवा. बत्तीस जणांना सात काड्या. अंतर यापेक्षा कमी ठेवलं तर आतल्या हाताखाली ब्रश जात नाही.

एक रंग घ्यायचा आणि सातही काड्यांवर फिरवायचा. सातवी काडी होईतो पहिली वाळलेली असते, पुढचा रंग लगेच सुरू करता येतो. सुरुवात चंदेरीनं. चपट्या ब्रशवर रंग घेऊन कागदावर जवळजवळ पूर्ण पुसा आणि जाळीच्या चिलखतावर हलकेच फिरवा; उठाव चमकतो आणि खाचा काळ्याच राहतात. हे आधी करायचं, कारण कोरडा ब्रश आजूबाजूला उडतो. अंगरखे आधी रंगवले असते तर सगळ्यांवर चांदी बसली असती.

मग त्वचा, मग अंगरखा. काळ्यावर नुसता लाल बसत नाही, तीन हात दिले तरी मळकट राहतो. त्यात तिसरा हिस्सा ब्राऊन मिसळा, दोन हातांत झाकतो. रंग दुधाइतका पातळ हवा, सायीइतका दाट नको. रोमन अंगरखा नक्की कोणत्या रंगाचा होता यावर अभ्यासकांचं एकमत नाही. लाल आणि न रंगवलेल्या लोकरीचा पांढरट, दोन्ही चालतात. लाल निवडला तर सगळ्यांना तोच ठेवा, टेबलापलीकडून फौज एक दिसते.

त्यानंतर कातडी पट्टे, भाले, ढाली. वॉश सगळ्यावर एकदम, आणि ढालीच्या खालच्या कडेला साचलेला थेंब ओलाच असताना कोरड्या ब्रशनं टिपून घ्या. शेवटी नाक, गाल आणि खांद्यावरची घडी, एवढ्याच तीन जागी उजळ रंगाचा स्पर्श. १/७२ वर याहून जास्त काम हातभर अंतरावरून दिसत नाही. ती मेहनत टोळीच्या जादूगारासाठी राखून ठेवा, तो एकटाच उभा असतो आणि सगळे त्याच्याकडेच बघतात.

मऊ प्लास्टिकचे भाले वाकले की रंग तडकतो. रंगकाम झाल्यावर एक भाग फेव्हिकॉल आणि दोन भाग पाणी असा हात सगळ्या शिपायांवर द्या, रात्रभर वाळवा, मग अॅक्रिलिक मॅट वॉर्निश. हा लवचीक पापुद्रा रंगाला धरून ठेवतो.

पायरी ९: बेस

टोळीसाठी हार्डवेअरच्या दुकानातून एम-१२ मापाचे चपटे वायसर आणा. बाहेरचा व्यास २४ मिमी, जाडी अडीच मिमी. मधलं भोक पातळ पुठ्ठ्यानं झाका. वजनामुळे शिपाई पडत नाहीत आणि लोखंड असल्यानं चुंबकाच्या शीटवर उभे राहतात. जस्ताचा मुलामा असलेलेच घ्या आणि खालच्या बाजूलाही रंग-वॉर्निश द्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज चढतो.

रोमनांना २ किंवा ३ मिमी एमडीएफचे ६० मिमी रुंद तुकडे. पायदळाला २० मिमी खोली पुरते. भाले पुढच्या तुकडीत अडकत असतील तर ३० ठेवा, फक्त सगळ्या पायदळाला एकच माप. घोडदळाला ४०. माउंटबोर्ड (फ्रेमवाल्यांचा जाड पुठ्ठा) स्वस्त पडतो, पण एकाच बाजूला फेव्हिकॉल लागला की पन्हाळीसारखा वाकतो. वापरायचाच तर आधी दोन्ही बाजूंना रंग द्या.

पोतासाठी पांढरी रांगोळी. शिरगोळ्याचा तो चुरा १/७२ ला अगदी प्रमाणात दिसतो. २८ मिमीला चहाच्या गाळणीतून चाळलेली वाळू तिच्यात मिसळा. वाळू समुद्राची असेल तर दोन-तीनदा गोड्या पाण्यानं धुवा, मीठ वर येतं. रंगीत रांगोळी नको, तिचा रंग ओल्या फेव्हिकॉलमध्ये उतरतो. वाळल्यावर निम्मं पाणी घातलेला फेव्हिकॉल वरून सोडा म्हणजे कण झडत नाहीत. मग बर्न्ट अंबर, ऑकरचा कोरडा ब्रश, आणि काथ्याचे बारीक तुकडे गवतासारखे उभे चिकटवा. टोळी आणि रोमन दोघांचे बेस एकाच रंगात केले की तिसऱ्या प्रकल्पातली जमीन दोघांनाही आपली वाटते.

पायरी १०: डोंगर

फ्रीज-टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल जपून ठेवा. जमलं तर २५ मिमी जाडीचा एक्सपीएस (घट्ट फोमचा) बोर्ड घ्या, तो कापताना दाणे सुटत नाहीत. एकावर एक दोन थर लावा. वरचा थर खालच्यापेक्षा सगळीकडून किमान ४ सेंटिमीटर आत, म्हणजे तुकडीचा बेस पायरीवर सपाट बसतो. दिवाळीच्या किल्ल्यासारखा उतरता डोंगर दिसायला सुंदर, पण त्यावरून शिपाई घसरतात. पायऱ्यांचा डोंगर मुद्दाम केल्यासारखा दिसेल अशी भीती नको. सह्याद्रीचे बेसॉल्टचे थर असेच एकावर एक, टप्प्याटप्प्यानं बसलेले आहेत. उभ्या कडेला झाडाची वाळलेली साल लावली की कडा तयार. साल आधी दोन दिवस कडक उन्हात ठेवा, आत किडे असतात.

किल्ल्याची माती इथे आणू नका. वाळली की भेगाळते आणि एक डोंगर उचलायला दोन माणसं लागतात. गोणपाट आणि काथ्या मात्र उपयोगाचे आहेत. स्प्रे मारायच्या आधी फेव्हिकॉल आणि काळा रंग मिसळून सगळ्या बाजू झाका. उघडा राहिलेला थर्माकोल स्प्रेनं विरघळतो. चहाचा चोथा रानातल्या पाचोळ्यासाठी छान दिसतो, पण कढईत कोरडा भाजून घ्या. थोडी ओल राहिली तरी त्यावर बुरशी येते.

उरलेले डबे

आधीच घेऊन ठेवलेल्या अर्धवट डब्यांचं काय? ते सगळे एका खोक्यात बंद करा, वर तारीख लिहा आणि वहीत त्यांना एकच पान द्या. ताट रिकामं झालं की पहिला हक्क या खोक्याचा, दुकानाचा नंतर. वर्षभरात ज्या डब्याला हात लागला नाही तो जसाच्या तसा, स्प्रूवरच, विका किंवा बदला. न कापलेल्या डब्याला जवळपास पूर्ण किंमत येते. अर्धवट जोडलेल्याला फार कमी, म्हणून मन डळमळत असेल तर निपर चालवू नका.

जुने, कुणीतरी जाड रंगवलेले शिपाई स्वस्तात मिळाले तर घ्या. धातूचे आणि कडक प्लास्टिकचे शिपाई आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तासभर बुडवून टूथब्रशनं घासले की अॅक्रिलिक रंग सुटतो. खिडकी उघडी ठेवा, गॅसपासून लांब बसा. रेझिन असेल तर एकच शिपाई पाच मिनिटं बुडवून बघा, काही रेझिन मऊ पडते.

पूर्ण झालेले शिपाई मिठाईच्या खोक्यात, टोळीच्या लोखंडी बेससाठी तळाला चुंबकाची शीट आणि कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. शीटऐवजी छोटे निओडिमियम चुंबक वापरत असाल तर घरातल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्यांना धरून एकमेकांना चिकटतात आणि शस्त्रक्रिया करावी लागते. खोक्यावर फौजेचं नाव, शिपायांची संख्या आणि कार्डाचा नंबर लिहा आणि वहीतले सहाही रकाने भरल्यावरच खोका बंद करा.